सुपारीची वही

स्वारगेटला उतरलो तेव्हा चार चाळीस.
लातूरची गाडी, शेवटची सीट, मांडीवर संबळ,
थोरलं तांब्याचं, बारकं लाकडाचं,
दोन्ही जुन्या चादरीत गुंडाळलेली.
कंडक्टरनं विचारलं होतं, काय आहे, भांडी का?
हो म्हटलं.
देव म्हटलं असतं तर लगेजचं तिकीट फाडलं असतं.

सोजर पलीकडच्या डेपोत गाड्या धुते. रात्रपाळी.
पाचला सुटते. मधली वीस मिनिटं
मी तिच्या धुतलेल्या गाड्या बघत उभा राहतो.
मग एक कटिंग, दोघांत.
ती विचारते, किती दिले?
मी विचारतो, टाच कशी आहे?
एवढा संसार आमचा, उभ्याउभ्या.
मग जनता वसाहतीचा चढ,
ती पुढं, मी मागं,
वरच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या,
आणि कुणीतरी खिडकीतून ओरडतं, आले का गोंधळी!

वहीला चार रकाने. गाव, तारीख, सुपारी, बाकी.
शेवटच्या रकान्यात माणसं राहतात.
मंचरचा एक सरपंच, तीनशे, 'उद्या फोन करतो', सन दोन हजार नऊ.
उरुळीचा नवरदेव, त्याला आता दोन पोरं,
माझे अकराशे त्याच्याच घरी वाढताहेत.
अंबू झाली त्या तारखेला लिहिलंय:
औसा. दोन हजार. पूर्ण मिळाले.
ससूनमध्ये मुलगी झाली हे कुठल्या रकान्यात घालायचं
ते तेव्हा सुचलं नाही.

कोथरूडच्या नाट्यगृहात एकदा महोत्सव होता.
कवड्यांच्या माळा त्यांनी भाड्यानं आणलेल्या.
माझ्या माळा कॅमेऱ्यात जुन्या दिसतात म्हणे.
साडेसहा मिनिटं दिली होती.
लाल दिवा लागला की
देवी जिथवर आली असेल तिथंच थांबवायची.
मी थांबवली. काय करणार.
पाकीट मात्र जागेवर मिळालं.

चैत्रात अंबूचं लग्न, धायरीला.
घरचा गोंधळ घरच्यानं घालायचा नाही, बाप म्हणायचा.
बार्शीचा नवनाथ धुमाळ बोलावला,
तिशीचा पोरगा, हात हलका.
पाच उसांखाली चौक भरला, दिवटी पेटली,
आणि मी यजमान. नवी टोपी, सतरंजीवर मांडी घालून.
असं बसतात तर लोक!
अठ्ठावीस वर्षं यांच्या तोंडाकडं बघत वाजवलं,
यांना कळतंय का, कंटाळलेत का.
यजमानाच्या कानात गोंधळ शिरतच नाही हो.
मंडपवाल्याचे किती राहिले,
जिलेबी पुरेल का,
व्याही मघापासून गप्प का.

मग बारकं संबळ चढलं.
नवनाथनं वाकडी काठी अशी काही ओढली
की माझी बोटं गुडघ्यावर सुटली,
व्याह्यांची मान वळायला लागली.
सोजरनं मनगट धरलं.
पदराखाली, कुणाला न दिसता,
शेवटच्या उदोपर्यंत सोडलं नाही.
तिचा तळवा साबणानं खरखरीत झालेला.
मला माहीत नव्हतं.

पहाटे नवनाथचे पैसे मोजले. दोनशे कमी भरले.
राहू द्या काका, म्हणाला, बघू.
संबळ बांधता बांधता त्यानं खिशातून वही काढली.
मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.
तरी पेन चालल्याचा आवाज आला.

पुढच्या मंगळवारी माझी बार्शीला तारीख आहे.
सोजरनं दोनशे वेगळे बांधून ठेवलेत,
चादरीच्या गाठीत, थोरल्या संबळाच्या बाजूला.