झाडपडीची वर्दी

वर्दी पावणेतीनची. बोपोडी, रुळांच्या अलीकडची गल्ली.
वारा नव्हता, पाऊस नव्हता. चिंच आपली
वयानं आडवी झालेली,
एका रिक्षावर, एका भिंतीवर,
आणि एक हात पाण्याच्या टाकीखाली.

तांडेल मुलाणींनी आधी वर पाहिलं. तारा.
मग वीजवाल्यांना फोन. मग वाट बघणं.
"करवत आणलीय ना? मग चालवा की!"
गॅलरीतून कुणीतरी.
तांडेल साखळी दोन बोटांनी उचलून पाहत होते.
उचलली जावी, पण खाचेतून सुटू नये.

"घोलप, जमिनीवर ठेवून चालू कर.
उजवा पाय मागच्या मुठीत.
हवेत झोकून दोरी ओढतात ते सिनेमातले."
दोनदा खोकली. तिसऱ्यांदा
उरलेली गल्लीही जागी झाली.

डावा अंगठा मुठीखालून वळवून घेतला.
अंगठा वर राहिला तर ती उसळेल तेव्हा
हातात मूठ नसते, आणि ती उसळते नाकानं.
"नाकानं वास घेऊ देऊ नकोस तिला," म्हणतात तांडेल,
"कशाचाच."

पडत होत्या शेवया. म्हणजे धार आहे.
पीठ पडलं असतं तर थांबून कानस.
बॅटरीच्या उजेडात पिवळसर लाकूड,
आत गाभा जांभळट, वांग्याच्या सालीसारखा.
घोडके मटणवाले पायजम्यावरच येऊन विचारून गेले,
बुंध्याचा एक ठोकळा मिळेल का?
"उद्यान खात्याला विचारा."

मी पुढच्या फांदीकडे निघाले.
"ब्रेक."
"दोनच पावलं आहेत, तांडेल."
"दोन पावलांतच पडतात माणसं."

टाकीखालची फांदी कमानीसारखी वाकलेली.
तांडेल उकिडवे बसले, नाडी बघावी तसे बघत राहिले.
कुठं आवळलंय, कुठं ताणलंय.
मग मला हातानंच हलवलं,
पाठीकडून पोटाकडे.
"इकडून. खरवडत जा. घाई तिला असू दे."

खरवडलं. पुन्हा खरवडलं.
आणि एकदम, आवाजाच्या आधीच,
फांदी सुटली. मी मघाशी होते त्या जागेवरून,
छातीच्या उंचीनं,
भिंतीवर जाऊन आपटली. गिलावा पडला.
गॅलरीत कुणी काही बोललं नाही.
दिसण्यासारखं काही झालंच नव्हतं.

साडेपाचला केंद्रात वर्दीपुस्तक उघडलं.
नुकसान: रिक्षा एक, टाकी, थोडा गिलावा.
जखमी: इथं तांडेलांनी बोट ठेवलं.
मी लिहिलं, निरंक.
हात अजून थरथरत होता,
अनुस्वार शिरोरेखेपासून बराच लांब पडला.
"असू दे," ते म्हणाले. "वाचता येतंय."