खुलासा, मसुदा चौथा

संपादक महोदय,
आपल्या मंगळवारच्या अंकात, पान तीनवर,
‘सेवेच्या आड काय?’ या मथळ्याखाली

इथवर तिन्ही मसुदे सारखेच.
पुढं दर वेळी पेन अडतं.

वखारीचा भोंगा झाला.
आता बायका येतील लेकरं न्यायला,
पदरात तंबाखूची भुकटी घेऊन,
आणि पाळणाघरातली सगळी पोरं
आई दिसायच्या आधी शिंकतील.

मी एलिशा करोशी, हिशेबनीस,
शिलो सेवा मंडळ, निपाणी.
अकरा वर्षं इथल्या वह्या माझ्या अक्षरात आहेत.
पैसा कुठून येतो, असं तुम्ही विचारलंत.
विचारायलाच हवं.
महिन्याच्या वीस तारखेनंतर मीही तेच विचारतो.

जर्मनीतल्या एका गावाहून येतो. त्या गावाचं नाव
मला अजून न बघता लिहिता येत नाही.
तिथली एक म्हातारी दर नाताळाला पत्र धाडते:
कस्तुरीला दात आले का?
कस्तुरी आता नववीत आहे.
कळवलं होतं. पुन्हा तेच विचारलं.
मग आम्ही कळवलं, आले, सगळे आले.

देवळातली रविवारची थैली,
दहा-दहाच्या नोटा, एखादी फाटकी.
आणि मकबूल बागवानांची केळी,
रोज एक पाटी, पावती घेत नाहीत.
ऑडिटर ओरडतो, याला पुरावा काय?
मी सालींकडं बोट दाखवतो.

तुम्ही छापलेला आकडा बरोबर आहे.
तो तीन वर्षांचा आहे,
तेवढं छापायचं राहिलं.

परवा बेळगावहून चॅनेलवाला आला.
त्यानं कन्नडात विचारलं, मी मराठीत बोललो,
आणि वीस मिनिटं त्यावरच गेली.
शेवटी म्हणाला, तुमचा उद्देश काय?
हा शब्द मात्र दोन्हीकडं तोच.
नेमका तोच मला सांगता आला नाही.

कारण एक गोष्ट आहे.
जेवणाआधी शांताक्का पोरांना हात जोडायला लावते.
देवा, ही भाकर तुझी,
असं काहीतरी पुटपुटतात,
अर्ध्यांचं लक्ष वाटीतल्या गुळाकडं.
पहिल्या मसुद्यात मी हे लिहिलंच नाही.
दुसऱ्यात लिहून खोडलं.
तिसऱ्यात ठेवलं, तर अध्यक्षांनी खोडलं, लाल शाईनं,
आणि समासात लिहिलं: कशाला?

कुणाला बाप्तिस्मा दिला?
पाळणाघरातल्या एकालाही नाही.
हे खरं आहे, शपथेवर लिहून देतो.
पण माझा आजा याच आवारात आला होता,
दुष्काळाच्या साली, चिकोडीकडून चालत,
खांद्यावर बहीण.
जेवायला म्हणून आला आणि राहिला.
मी शाळेत असताना त्याला विचारलं होतं,
आधी काय मिळालं, भाकर की देव?
बराच वेळ गप्प बसला.
मग म्हणाला,
गरम होतं, एवढं आठवतंय.

महोदय, माझ्याकडं याची पावती नाही.
विकत घेतला म्हणाल, तर त्याची किंमत
कुठल्याच वहीत मांडलेली नाही.
वाचवला म्हणावं,
तर तेही त्याला विचारायचं राहून गेलं.
मी शोधतोय. तुम्हाला सापडलं तर छापा.

सोबत: तीन वर्षांचे ताळेबंद, सही-शिक्क्यानिशी.
प्रार्थनेची ती ओळ, जशीच्या तशी.
केळ्यांचा हिशेब नाही.

साडेसात वाजले.
रत्नव्वाचं पोरगं न्यायला अजून कुणी आलं नाही.
आज तिला वखारीत उशिरापर्यंत थांबवलंय म्हणे.
माझ्या मांडीवर झोपलंय,
तोंड उघडं, मूठ माझ्या खिशात.
लाळ कागदावर उतरली आहे,
‘निधी’ या शब्दावर.
शाई पसरून त्याचं
काहीतरी भलतंच झालंय.

पाचवा उतरवून काढावा लागणार.