अकरा झाडं

रिवण मागे पडलं तेव्हा कदंबाच्या बसमध्ये
आम्ही तिघंच उरलो होतो. चौथा एक कोंबडा,
मागच्या सीटवर पिशवीतून मान काढून बसलेला;
त्याचा धनी कुठे उतरला, कंडक्टरलाही ठाऊक नव्हतं.
नेत्रावळीनंतर घाट लागला. कान दडपले.
"वर काय आहे तुमचं?"
कॉफी, म्हटलं.
तो ड्रायव्हरकडे पाहून हसला.
"मडगावच्या स्टँडावर मिळते की, पंधरा रुपयांना."

वेर्ल्यात उतरले तर थंडी.
गोवाच तो, म्हणून शाल
बॅगेच्या तळाशी कोंबलेली.
मला वाटलं होतं, उतारावर विंचरल्यासारख्या रांगा असतील,
पाटी असेल, तिकीट असेल.
पुनो वेळीप "या" म्हणाला,
चपला हातात घ्यायला लावून ओहोळ ओलांडवला
आणि एका फणसाखाली उभं केलं.
"हीच."

डोळे सरावायला वेळ लागला.
फणसावर मिरीचा वेल, फणसाखाली केळ,
केळीच्या सावलीत ती,
माझ्या खांद्याएवढी,
लग्नाला उशिरा पोचलेल्या माणसासारखी अंग चोरून.
फांदीफांदीला लाल मणी.
एक फळ तोंडात टाकलं:
साल जाड, गर नावापुरता गोड,
मग बी, बुळबुळीत, दातांतून निसटणारी.
कॉफीची चव कुठेच नाही.
"ती आगीत असते," पुनोची मुलगी म्हणाली, सुलक्षा.

चिकमगळूरला सात वर्षं वेचणीला होता तो.
निघताना मालकानं नऊ दिवसांची मजुरी कापली.
पुनो खिशात मूठभर बी घालून आला.
चोरी नव्हे, म्हणाला. हिशेब.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरं तर आले होते.
ती महागडी, उदमांजराच्या पोटातून येते ती,
मिळेल का थोडी?
त्यानं ओहोळाकाठच्या कातळाकडे बोट केलं.
तिथे बियांची एक वाळकी ढेप, चिक्कीच्या तुकड्यासारखी.
"काटांदराची ती. त्याची त्याला."
मला वाटलं, असेल काही देवाधर्माचं.

"मी लावली अकरा," तो म्हणाला.
मी तर चाळिसाच्या पुढे मोजली होती.
"बाकीची त्यानं.
पिकलेलंच खातो, कच्च्याला तोंड लावत नाही,
आणि हगतो नेमका ओलाव्याला.
मी खड्डा खणतो, शेण घालतो, माझी मरतात.
त्याची मरताना पाहिली नाहीत."

मागे वनखात्याचा माणूस आला होता, वही घेऊन.
अभयारण्यात ही लागवड कुणाची?
पुनो म्हणाला, लिहा:
अकरा झाडं, पुनो सोमा वेळीप.
उरलेल्यांची सही पाहिजे तर
रात्री यावं लागेल.

संध्याकाळी सुलक्षानं खापरात बिया भाजल्या,
गेल्या सालच्या, वाळवून ठेवलेल्या.
हिरव्याच्या पिवळ्या, पिवळ्याच्या तपकिरी,
मग तडतड, आणि घरभर तो वास,
ज्याला मी आजवर बरणीचा वास समजत आले.
काही करपल्या. तिनं त्या निवडल्या नाहीत.
पाट्यावर वाटून, उकळून, फडक्यातून गाळून
स्टीलच्या पेल्यात दिली.
कडू. तळाशी चिखल.
पुनो गुळाचा कोरा चहा पीत होता.
"मला नाही सोसत. झोप उडते."

माझीही उडाली.
पत्र्यावर फणसाची पानं पडत होती, एकेक, 
मग एक पान चालू लागलं.
थांबलं. पुन्हा चाललं, हलक्या चार पावलांनी,
ओहोळाच्या बाजूला.
उशाशी टॉर्च होता. हात गेलाही त्याच्यापर्यंत.
पण म्हटलं, मोजणीला आला असेल,
आपण पाहुणे आहोत.