तृतीय पुरुष

मोंढ्यामागच्या त्या दुकानात
झेरॉक्स, पॅनकार्ड आणि विमा
एकाच टेबलावर चालतं.
संगमेश्वर बिरादारांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडं वळवला :
"काय इचार करलालाव मॅडम?
नुसती थर्ड पार्टी, का फुल?"

सेहेचाळिसाव्या वर्षी लायसन्स मिळालं मला,
तेही दुसऱ्या खेपेला.
गाडी नऊ वर्षांची, एका डॉक्टरांच्या हातची,
सीटला अजून डेटॉलचा वास.
मी विचारलं, पहिली पार्टी कोण?
"तुम्ही."
दुसरी?
"कंपनी."
आणि तिसरी?
त्यांनी पेनानं दाराबाहेर दाखवलं.
बाहेर उदगीरचा बाजार होता,
एक मुलगा सायकलच्या दांडीवर बर्फाची लादी घेऊन चालला होता,
खाली पाण्याची रेघ.

एकवीस वर्षं झाली, नळगीरच्या शाळेत
मी फळ्यावर हेच लिहिते आहे.
मी, आम्ही : बोलणारा.
तू, तुम्ही : ज्याच्याशी बोलायचं तो.
तो, ती, ते : ज्याच्याविषयी बोलायचं,
मग तो समोर असो नसो.
आफ्रीननं एकदा विचारलं होतं,
"बाई, समोरच नाही तर त्याचं कशाला बोलायचं?"
मी म्हटलं, पाठ कर, परीक्षेला येतं.

बिरादारांनी सगळं उलगडून सांगितलं.
गाडीची किंमत एक लाख नव्वद, पुढच्या साली अजून कमी.
रबर-प्लास्टिक फुटलं तर अर्धेच पैसे.
झिरो डेप एवढ्या जुन्या गाडीला कोण देतंय?
ओढ्यात बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही,
इंजिनात पाणी गेलं की कंपनी हात वर करती.
वर्षभर काही घडलं नाही तर वीस टक्के सूट,
काहीच न घडल्याचं बक्षीस.
मी वहीत लिहून घेत होते,
शाळा तपासणीला लिहिते तसं.

मग विचारलं,
त्या तिसऱ्याची किंमत किती धरता?
त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केला.
"जिवाला मर्यादा नाही मॅडम. कोर्ट सांगंल ते.
आणि त्याचा हप्ता सरकारनं ठरवलेला,
तिथं घासाघीस नाही."
माझ्या पत्र्याची किंमत पैशापर्यंत ठरली होती,
त्याच्या रकान्यात नुसता शब्द होता.
मी फुल घेतली.
सही करताना हात का थांबला, माहीत नाही.

दिवाळीआधीचा आठवडा.
अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं,
कडेनं दगड मांडलेले.
सकाळची शाळा, धुकं,
ऊसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर समोरून,
मागं ना लाइट, ना लाल कापड.
मी डावीकडं घेतली.

दगडांच्या पलीकडं घोंगडी होती.
घोंगडीतून दोन पाय बाहेर,
टाचांना भेगा, एका अंगठ्याला चिंधी.

ब्रेकवर मी उभी राहिले असेन.
बंपर एका दगडावर खरडला,
थोडं सोयाबीन टायरखाली कुरकुरलं.
इंजिन बंद पडलं.
पाय हलले नाहीत.
मग आत ओढले गेले, घोंगडीत,
थंडी वाजल्यासारखे.
त्यानं कूस बदलली.
तोंड दिसलं नाही मला.
तो की ती, तेही कळलं नाही.

पहिल्या तासाला मी फळ्यासमोर खडू धरून उभी,
वर्ग गप्प.
शेवटी आफ्रीनच्या धाकट्या भावानं सांगितलं,
"बाई, तारीख टाकायची राहिली."

संध्याकाळी बिरादार खाली वाकून ओरखडा बघत म्हणाले,
"एवढ्याशाला क्लेम कशाला? बोनस जाईल.
पाचशात रंग मारून देतो पोरगा."
मी नको म्हटलं.
राहू दे तसाच.

नळगीरच्या रस्त्याला आता मी तीसच्या वर जात नाही.
मागचे हॉर्न वाजवतात.
ओव्हरटेक करताना वळून बघतात,
एकमेकांना काहीतरी सांगतात,
ती बाई.