बाजू मनी

रोज पहाटे पाचला नीलव्वा भिंत वाजवायची.
आमची-तिची भिंत एकच.
पितळी तांब्याचे दोन ठोके म्हणजे
उठले आहे, तूही ऊठ.
मी इकडून कात्रीच्या मुठीने एक ठोका द्यायची
आणि मशीनवर बसायची.

त्या मंगळवारी ठोके रात्री अडीचला आले,
आणि दोन नाहीत, कितीतरी,
कोंडलेलं मांजर दार शोधतंय तसे.

मोरीजवळ बसली होती. लुगडं भिजलेलं.
मला विचारते, मागावर ती बाई कोण गे?
माग विकून एकोणीस वर्षं झाली.

एकशेआठवरची मुलगी एल्लि, एल्लि विचारत राहिली.
मी खासबाग म्हणाले, सर्कल म्हणाले,
पिठाच्या गिरणीमागचं बोळ म्हणाले,
शेवटी नुसतं लौकर, लौकर म्हणाले.
गाडी एका बाळंतिणीला घेऊन बैलहोंगलच्या वाटेवर होती.
चाळीस मिनिटं आगतद अक्का, ती म्हणाली,
आणि तिचाही आवाज जरा कापला.
नवरा उद्यमबागेत रात्रपाळीला,
फाउंड्रीत फोन कुणाला ऐकू येतो?
मोदीनला उठवलं. तो बनियनवरच आला,
रिक्षात आपली चादर अंथरली, काही विचारलं नाही.

माझ्या मांडीवर तिचं डोकं.
तिची मराठी वाटेत एकेक शब्दाने उतरून गेली.
कपिलेश्वरच्या पुलावर तर
फक्त नीर, नीर उरलं.

सिव्हिलच्या खिडकीत कागद कन्नड.
ब्रदर वाचून दाखवू लागला. हेसरु. वयस्सु.
मग संबंध.
हा शब्द मात्र दोन्हीकडचा.
एनागबेकु निमगे? कोण लागते तुमची?

गोकाकचा भाचा लागतो. तो फोन उचलत नव्हता.
मी कोण?
बाजू मनी, म्हणाले.
बाजू आमचं, मनी त्यांचं.
त्याने मान वर न करता तसंच लिहून घेतलं.

डॉक्टर पोरगेला, डोळ्यांत झोप साचलेली.
बॅटरी मारली, बी.पी. पाहिलं.
एक्क्याऐंशी वय. या वयात असं होतंच, मावशी.
एक सलाइन लावतो, सकाळी घरी न्या.

खरं सांगते, मी निघायला तयार झाले होते.
तिची दुसरी चप्पल शोधत होते खाटेखाली.
वाकले तेव्हा तिच्या कमरेची पिशवी हाताला लागली,
आत भिशीची वही.
सोमवारचं पान. सोळा बायका, सोळा आकडे,
खाली बेरीज, बरोबर.
माझ्या नावापुढे वीस रुपये बाकी, दोनदा अधोरेखित.

ते पान त्याच्यापुढे धरलं.
साहेब, काल अशी नव्हती.
मराठीत म्हणाले. तो बघतच राहिला.
मग जमेल तशा कन्नडमध्ये, मोठ्याने,
निन्ने हिंग इरलिल्ला!
शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

त्याने वही हातात घेतली.
बेरीज करून पाहिली असावी, ओठ हलत होते.
मग नर्सला हाक मारली, रक्त काढायला.

साडेपाचला रिपोर्ट.
मीठ उतरलंय रक्तातलं. जुलाब होत होते का?
चार दिवस, मी म्हणाले.
त्यात बी.पी.ची गोळी, तो म्हणाला,
आणि जेवणातलं मीठ कुणी बंद केलं?

मी मोदीनच्या चादरीची घडी घालत राहिले.
महिन्यापूर्वी भिंतीपलीकडे ओरडून
अव्वा, मीठ सोड, प्रेशर आहे तुला,
हे मीच सांगितलं होतं.
तिने ऐकलं.
माझं कधी नव्हे ते ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडून
बराच वेळ पंख्याकडे बघत होती.
मग माझ्याकडे.
काय करूलालीस गे इथं?
वीस रुपये आणलीस?

दहाच्या दोन नोटा दिल्या.
तिने त्या उलटसुलट करून पाहिल्या,
उशीखाली ठेवल्या,
आणि मला वही मागितली.