अनुक्रमांक वीस

कपाटाची किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते.
हे मला आधीच्या क्लार्कनं सांगितलं,
त्याला त्याच्या आधीच्यानं.
जनरल रजिस्टर, खंड पहिला.
पानांच्या कडा पिवळ्या आहेत,
जुनेपणानं नव्हे, हळदीनं.

शाळा आधी वखारीत होती.
कुपवाड रस्त्याला, आवटींच्या.
पोती एका अंगाला, आठवीचा वर्ग दुसऱ्या,
मधे ताडपत्री.
पहिल्या वर्षीचे पांढरे सदरे दिवाळीपर्यंत पिवळे झाले
आणि तसेच राहिले.
भूमिती शिकवताना चौगुले सर शिंकायचे
आणि पोरं मोजायची: आज सतरा, काल सव्वीस.

तेव्हा इकडं काय होतं?
शाळू, बाभळी, एक आड
आणि मोजणीच्या खुंट्या, चुना लावलेल्या.
इथं कारखाने येणार म्हणे,
म्हणजे माणसं येणार, म्हणजे पोरं.
पोरांच्या आधी शाळा पाहिजे, असं चौगुले सर म्हणाले
तर चावडीवर हसले लोक:
लगीन ठरलं नाही न् हे बारशाच्या घुगऱ्या शिजवतंय.

मंजुरीला पट हवा वीस.
भरला एकोणीस.
सायकलवर बामणोली झाली, सावळी झाली, कानडवाडी झाली.
एकानं पोरगी धाडतो म्हणून सांगितलं,
धाडली म्हशीमागं.
सकाळी साहेब तपासणीला येणार
आणि सर कंदिलाशी बसलेले, दौतीत टाक बुडवून.
तेव्हा पोत्यांच्या बाजूनं ताडपत्री सरली.
बिरू लवटे, हमाल.
"माझं नाव लिव्हा की सर.
दिसभर ऐकतोयच."

ते अक्षर आत्ता माझ्यासमोर आहे.
लवटेमधला 'ट' थरथरलेला.
जन्मतारीख: एक जून, सगळ्यांचीच असते तशी.
वर्षाच्या जागी खाडाखोड:
सरांनी त्याच्या वयातली बारा वर्षं उचलून
भिंतीकडंला लावून ठेवली, पोत्यासारखी.

साहेबांनी नेमकं विसाव्यालाच उभं केलं.
मिशा पाहिल्या. बोलले नाहीत काही.
"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज?"
"एकशेऐंशी. कसाबी कलंडू द्या, साहेब."
शेरा आहे: पट पुरेसा. खिडक्या वाढवाव्यात.

पुढं तो दोन वर्षं बसला, असं दस्तगीर शिपाई सांगायचा.
गाडी लागली की उठायचा,
रिकामी करून परत येऊन बसायचा,
मानेवर सुतळीचा वळ घेऊन.
कुणी म्हणतं परीक्षेला बसला,
कुणी म्हणतं फीच्या पैशातनं खडू आणले.
मला ठाऊक नाही.
शाळा सोडल्याचा दिनांक कोरा आहे.
सोडण्याचं कारण, तेही.

आता पट अठराशे, मजले तीन, पाळ्या दोन.
कारखान्याचा भोंगा आणि आमची घंटा
एकमेकांवर चढतात.
खिडकीशी एक मुलगी उभी आहे, प्रणोती लवटे.
नर्सिंगला नंबर लागलाय,
जातपडताळणीला जुना उतारा मागितलाय.
"आमच्यात कुणी शिकलेलं नाही, मॅडम.
आजोबा शाळेत जायचे असं आजी म्हणायची,
आम्ही हसायचो तिला."

मी सगळे रकाने उतरवून काढते.
खाडाखोडीशी थांबते.
नियमानं 'मूळ नोंदीत दुरुस्ती' असं लिहावं लागतं.
लिहिते.
वीस रुपयांची पावती फाडते, शिक्का मारते.
ती उतारा वाचते, घडी घालत नाही.
मग विचारते,
"आणि एक ते एकोणीस कोण होते?"

रजिस्टर टेबलाबाहेर द्यायचं नसतं.
मी ते तिच्याकडं फिरवते.