नोव्हेंबरचा बेत

बियाण्याच्या दुकानानं दिलेल्या कॅलेंडरच्या पाठीवर
पंचफुला, माझी नणंद, पेन्सिलीनं डोंगर काढते.
इथून नागपूर, नागपूरहून दिल्ली,
मग एक लांब रेघ, मधेच चहाचा डाग.
हा समुद्र, म्हणते.

जपानात पानं लाल होतात नोव्हेंबरात.
नेमकी संत्र्याची तोडही तेव्हाच.
"यापारी थांबते," ती म्हणते, "पान नाई थांबत."
पासपोर्टच्या फोटोत तिला हसू दिलं नाही,
त्याचा राग अजून आहे.

तिथल्या डोंगरातल्या सराईत जोडे दाराशी काढायचे.
ते तर आपण काढतोच.
जमिनीवर निजायचं.
निजतोच.
आणि गरम कुंडात सगळ्या बायांनी
अंगावर चिंधी न ठेवता उतरायचं.
"मी तं लुगड्यावरच उतरीन, सालबर्डीसारखी."

आपल्याकडे कुसुंबाला पालवीच लाल फुटते,
चैत्रात, नव्या वासराच्या जिभेसारखी.
तिकडे म्हणे जाताना लाल होतं पान.
मी हे वाचून दाखवलं.
पंचफुला काही बोलली नाही.
खोडरबर घेतलं, परतीची तारीख पुसली,
चार दिवस पुढे लिहिली,
कागद झटकला.

"ठेचा नेऊ देतेत का वं इमानात?"